दोष बोटांचा की गिटारीचा?

नवी गिटार घरी आली की पहिले आठ दिवस कौतुकाचे असतात. मग तक्रारी सुरू होतात. बोटं दुखतात, तार खरखरते, सूर मिळवूनही वाजवताना बेसूर लागतं. महिन्याभरात गिटार कपाटावर चढते आणि घरातली मोठी माणसं निकाल देतात, ‘पोराला हात नाही.’ असा निकाल मी दोन-तीन घरांतून ऐकला आहे. प्रत्येक वेळी मला वाटतं, शिक्षा झाली खरी, पण आरोपी तपासला का?

आपला गवई नवा तंबोरा जवारी काढून घेतल्याशिवाय वापरत नाही. घोडीचा माथा कानसून तारेचा नाद खुलवणं हा बनावटीचाच शेवटचा भाग. कारखान्यातून खोक्यात भरून आलेल्या स्वस्त गिटारीवर हा शेवटचा हात बहुधा फिरलेला नसतो.

तो फिरला आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येतं. बाराव्या पडद्यावर पट्टी उभी धरा. पोलादी तारांच्या गिटारीत सर्वांत जाड तार पडद्यापासून अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तार दोनच्या आतबाहेर असावी. चार मिलिमीटर असेल, तर मोठ्यांचीही बोटं सोलतील.

आता जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्यापाशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. सहा तारा मिळून दांडीला सुमारे सत्तर किलोच्या जोराने ओढत असतात. फट जास्त म्हणजे दांडी पुढे वाकली, मुळीच नाही म्हणजे मागे. हा बाक काढण्यासाठी दांडीच्या पोटात सळई असते. तिची चावी एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि तीही जाणकारानेच.

तिसरी जागा म्हणजे खुंट्यांकडची खाचांची पट्टी, नट. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली की पहिल्या पडद्यावर जेमतेम कागदाएवढी फट राहावी. खाचा उथळ असतील, तर तार खोल दाबावी लागते, ती ताणली जाते आणि सूर चढतो. बेसूर लागण्याचं एक कारण हेच. खाच खोल करणं, घोडीवरची पट्टी घासणं ही कारागिराची थोड्या वेळाची कामं आहेत.

काही दोष मात्र दुरुस्तीचे नव्हेत, गिटार परत करण्याचे. पिळलेली दांडी, तबलीला गेलेला तडा, तबलीपासून सुटू लागलेली घोडी. ते दुकानातच पाहून घ्यावेत.

शिवाय लाकूड ऋतू ओळखतं. पावसाळ्यात तबली दमटपणाने फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. कोरड्या दिवसांत ती आक्रसते, तारा खाली बसून खरखरतात, पडद्यांची टोकं बोटांना टोचतात. म्हणून गिटार भिंतीला टांगण्यापेक्षा पेटीत ठेवावी.

बोटांना घट्टे पडायला काही आठवडे लागतातच. तेवढं दुखणं कोणत्याही विद्येला द्यावं लागतं. त्याहून जास्त दुखत असेल, तर मुलाला बोलण्याआधी पट्टी घेऊन बाराव्या पडद्यापाशी बसावं.