एकाच चित्रफितीच्या दोन प्रती

तिरोडा तालुक्यातील एका शाळेच्या वेबपानावर सारस पक्ष्यांची चित्रफीत ठेवायची होती. धानाच्या बांधीत उतरलेली जोडी गुरुजींनी मोबाइलवर टिपली होती. मोबाइलवर ती सुरेख दिसे. शाळेच्या जुन्या संगणकावर मात्र आवाज येई आणि चित्र काळे! फाइल बिघडली, असा सर्वांचा ग्रह झाला. आम्हालाही आधी तसेच वाटले.

थोडे गणित करू. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे एक चित्र, दर ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे एका मिनिटाला सुमारे ४१५ कोटी बाइट. एवढा भार वाहणे अवघड. पण लागोपाठच्या चित्रांत बांधी तीच, आभाळ तेच. हलते ती सारसाची मान. तेव्हा बदल तेवढाच नोंदवायचा. या नोंदीच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही २००३ सालची पद्धत जवळजवळ सर्वत्र चालते. २०१३ ची एच.२६५ साधारण निम्म्या जागेत तेच काम करते, पण ती प्रत्येक ब्राउझरला उलगडता येत नाही. गंमत अशी, की दोन्ही 'एमपी४' नावाच्या एकाच डब्यात भरता येतात. डब्यावरील नावावरून आतला जिन्नस कळत नाही. आमची फसगत इथेच झाली.

पूर्वी हे काम फ्लॅशसारखी जोड-आज्ञावली करी. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. एचटीएमएल५ मध्ये 'व्हिडिओ' ही खूण आली, पण पेटंटच्या वादामुळे कोडेक कोणता, हे २०१४ च्या प्रमाणातही ठरले नाही. (शहाण्यांची भांडणे अशीच असतात!)

म्हणून 'व्हिडिओ' खुणेच्या आत 'सोर्स' या खुणेने दोन प्रती द्याव्यात. ब्राउझर वरून खाली वाचतो आणि आपल्याला जमेलशी वाटणारी पहिली प्रत उचलतो. तेव्हा लहान प्रत वर, एच.२६४ ची खाली. प्रकार लिहिताना नुसते 'एमपी४' न लिहिता कोडेकही लिहावा. नाही तर ब्राउझर वरचीच प्रत उचलून पुन्हा काळे चित्र दाखवील. खुणेच्या आत लिहिलेली 'चित्रफीत दिसत नाही' ही सूचना इथे उपयोगी पडत नाही. ती फक्त 'व्हिडिओ' खूणच न ओळखणाऱ्या ब्राउझरमध्ये दिसते.

दुसरी प्रत तयार झाली, आणि शाळेच्या संगणकावर सारस दिसले. ही प्रत मोठी असल्याने बटण दाबेपर्यंत ती उतरवू नये, असेही आम्ही पानात लिहून ठेवले.