बुबुळाच्या जाडीचा हिशेब

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरची गोष्ट सुरू होते १९८१ साली, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेसर चालवला. कड जराही न भाजता मांस सफाईदार कापलं गेलं. दोन वर्षांत नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी तोच लेसर बुबुळाकडे वळवला आणि १९९०च्या सुमारास ग्रीसमधल्या पॅलिकारिस यांनी लॅसिकची पद्धत बसवली.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी चष्म्याविना लख्ख दिसायचं. रुग्णांची रीघ लागली यात नवल नाही. पण १९९८ साली नेत्रतज्ज्ञ थिओ सायलर यांनी धोक्याची घंटा वाजवली. शस्त्रक्रियेनंतर काहींचं बुबुळ कमकुवत होऊन पुढे फुगत होतं, नंबर पुन्हा चढत होता. हाच एक्टेशिया.

यातला हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. बुबुळाची जाडी मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिकमध्ये पात्याने उचललेला वरचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, १६०चा धरा. उणे आठ नंबरासाठी लेसर शंभरेक मायक्रॉन खरवडतो. खाली उरले २८०. फ्लॅप परत बसवला तरी पूर्वीच्या ताकदीने सांधत नाही, त्यामुळे डोळ्याच्या आतला दाब पेलायचा तो या २८०नीच. २५०च्या खाली जाऊ नये, असा दंडक पडला. जाडी मुळात ५०० असेल, तर उरतात २४०!

तरीही फक्त जाडी पाहून भागत नाही, हे पुढे कळलं. बुबुळाचा आकार आधीपासूनच बिघडलेला असणं, म्हणजे लपलेला केराटोकोनस, हा सर्वांत मोठा धोका ठरला. आपल्याकडे तर हे विसरून चालणारच नाही: नागपूर परिसरातल्या खेड्यांत झालेल्या पाहणीत (२००९) केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के निघालं.

२००३ साली क्रॉसलिंकिंगचे पहिले निष्कर्ष आले. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांनी बुबुळ घट्ट करून फुगणं बहुधा थांबवता येतं; गेलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही. पुढे फ्लॅपविना होणारी स्माइल ही शस्त्रक्रिया आली, तिच्यानंतरही एक्टेशियाचे रुग्ण आढळलेच.

यंत्रं सुधारली, पण माझ्या मते डोळे वाचवले ते तपासणीनंतर स्पष्ट नकार देणाऱ्या डॉक्टरांनी. लेसर करून घेणार असाल, तर बुबुळाच्या नकाशाचा रिपोर्ट मागून घ्या, शस्त्रक्रियेनंतर किती मायक्रॉन उरतील ते विचारा, आणि नकार मिळाला तर सवलतीच्या जाहिराती पाहून दुसरं दार ठोठावू नका.