तुटलेला पाटा घरच्या घरी कसा बदलावा

माल वाहणाऱ्या पिकअप गाडीचा मागचा पाटा बहुधा ऐन हंगामातच तुटतो. क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या कांद्या-टोमॅटोच्या खेपा, शेतापासून सडकेपर्यंतची खाचखळग्यांची वाट आणि सैल राहिलेले यू बोल्ट ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा वेळी कोणी संपूर्ण कमान बदलण्याचा सल्ला देतो, तर कोणी तुटका पाटा वेल्डिंगने जोडून घेतो. पहिल्या मार्गात खर्च फार होतो, दुसऱ्यात जिवाला धोका असतो. बाकीचे पाटे धड असल्यास तुटलेला तेवढाच पाटा बदलावा. दोन जाणती माणसे व साधी हत्यारे असली म्हणजे हे काम दिवसाभरात होते.

वेल्डिंग का नको, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पाटा सिलिकॉन व मँगॅनीज असलेल्या पोलादाचा असतो. तो तापवून तेलात विझवतात व पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी देतात. म्हणूनच तो वाकून पुन्हा पूर्ववत होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचे पाणी उतरते. पट्टी कोठे ठिसूळ, तर कोठे मऊ होते. असा जोड पहिल्या भरलेल्या खेपेतच दगा देण्याचा संभव असतो.

डोळे असलेला मुख्य पाटा तुटला असेल तर गाडी मुळीच हलवू नये. मागचा आस त्याच्याच आधाराने जागेवर असतो. तो सरकला की चाके तिरपी धावतात.

नवा पाटा आणताना जुन्याचे दोन्ही तुकडे बरोबर न्यावेत. लांबी, रुंदी, जाडी व बाक ही चारही जुळली पाहिजेत. बाक कमी-अधिक असल्यास पाटे बनविणाऱ्या कारागिराकडून तो ठोकून जुळवून घ्यावा. अन्यथा गाडी एका अंगाला कलते. भंगारातील सुस्थितीतला पाटा खालच्या जागी चालेल, मुख्य पाटा मात्र नवाच घ्यावा. मधला बोल्ट व यू बोल्टही नवे घ्यावेत. जुने बोल्ट ताणलेले असतात. येथे केलेली काटकसर हमखास महागात पडते.

आदल्या सायंकाळी बोल्टच्या आट्यांवर डिझेल सोडून ठेवावे. गाडी रिकामी करून सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक बहुधा मागच्या चाकांवरच चालतो. ती उचलल्यावर त्याचा भरवसा नाही. यास्तव पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. गाडी जॅकने उचलून चासीखाली भक्कम लोखंडी घोडी द्यावी. विटांची चळत भाराने अकस्मात फुटते, आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. दुसरा जॅक आसाखाली ठेवावा, म्हणजे आस ब्रेकच्या नळीला लोंबकळणार नाही.

चाक काढून यू बोल्ट व दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवावेत आणि कमान खाली घ्यावी. पुढची बाजू खडूने खुणावून ठेवावी. मधला बोल्ट सोडण्यापूर्वी कमान शिकंज्यात घट्ट धरावी, कारण दाबून बसलेले पाटे जोराने उसळतात. पाटे क्रमाने मांडून तारेच्या ब्रशाने गंज काढावा, चिरा पाहाव्यात. मधल्या छिद्राशी विशेष लक्ष द्यावे. चीर बहुधा तेथूनच सुरू होते.

कमान पुन्हा बांधून बसविताना मधल्या बोल्टचे डोके आसावरील खाचेत नेमके बसले पाहिजे. यू बोल्ट एकेक न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. टोकांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळावेत. नाहीतर रबरी बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. एक-दोन भरलेल्या खेपांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळावेत. पुष्कळजण हे विसरतात, आणि पाटा पुन्हा तुटला म्हणजे दुकानदाराला दोष देतात!

अधिक माल नेता यावा म्हणून जादा पाटा घालण्याची चाल सर्वत्र दिसते. ती बरी नव्हे. कमान मजबूत झाली तरी ब्रेक, टायर व आस पूर्वीचेच राहतात.

ज्या मोटारींत पाट्यांऐवजी वेटोळ्यांची स्प्रिंग असते, तेथे हा प्रयोग करू नये. ती दाबून धरण्याचे खास हत्यार लागते. सुटली तर प्राणावर बेतते.

तुटका पाटा भंगारात घालू नये. गावच्या लोहाराला त्याची पारख असते. त्याला नव्याने पाणी दिले म्हणजे उसाचा उत्तम कोयता होतो, आणि उरलेल्या तुकड्यात दोन विळे निघतात.