रघुवंशांतील अजविलाप

पतिपत्नीच्या प्रेमाचें काव्य म्हटलें कीं आपणांस प्रथम ‘मेघदूत’ आठवतें. परंतु त्यांतील यक्षाला पुनर्भेटीची आशा आहे. ज्याला ती उरली नाहीं, त्या अजाच्या विलापाविषयीं आज मी बोलणार आहें. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गांत तो आला आहे.

विदर्भाची राजकन्या इंदुमती हिनें स्वयंवरांत अजाला माळ घातली. पुढें एके दिवशीं तीं दोघें उपवनांत असतां, गोकर्णाच्या शंकरापुढें वीणावादन करण्यास आकाशमार्गानें निघालेल्या नारदाच्या वीणेवरील पुष्पमाला वाऱ्यानें सुटून तिच्या वक्षःस्थळावर पडली. आणि ती गतप्राण झाली. पहिली माळही ध्यानांत ठेवून हा प्रसंग वाचावा.

विलापाचें वृत्त वियोगिनी. एक चरण 10 अक्षरांचा, दुसरा 11 अक्षरांचा. म्हणतांना श्वास मध्येंच अडखळल्यासारखा वाटतो.

हा सर्ग मीं शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविला. ठरीव प्रश्न असे: अज इंदुमतीला कोणकोणत्या नात्यांनीं आठवतो? गृहिणी, मसलत देणारी, एकांतांतील सखी, कलांमधील शिष्या. चार नातीं, चार गुण. प्रश्न वाईट नव्हता. राजानें पत्नीला सल्लागार म्हणावें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्यांत प्रश्न निघत नसे, ते श्लोक मी भराभर उरकीत असें. आंब्याचें आणि प्रियंगुलतेचें लग्न लावावयाचें तिनें ठरविलें होतें, तें राहून गेलें. दोघें मिळून बकुळीच्या फुलांची मेखला गुंफीत होतीं, ती अर्धीच राहिली. हीं कामें टाकून तूं कशी निघालीस, असें अज विचारतो.

माझी पत्नी गेल्यावर तिच्या कपाटांत सुयांसकट अर्धा विणलेला लोकरी गळपट्टा मिळाला. तो माझ्यासाठींच होता. मेखलेचा श्लोक मला त्या दुपारीं समजला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें वसिष्ठ शिष्याकरवीं उपदेश पाठवितात: मरण हीच देहधाऱ्याची प्रकृति आहे, आप्तांच्या अश्रूंनीं मृताला तापच होतो. या उपदेशाचें सार मी मुलांकडून लिहवून घेई आणि धडा तेथेंच संपवीं. कालिदास मात्र तेथें संपवीत नाहीं. अज तो उपदेश मान्य करून शिष्याला निरोप देतो. पण शोकानें भरलेल्या हृदयांत त्या शब्दांना जागाच मिळत नाहीं. वाड्याच्या भिंतींत झाडाचा अंकुर शिरावा, तसा शोक त्याच्या अंतःकरणांत शिरला आहे.

पुत्र दशरथ लहान होता, म्हणून अजानें कशीबशी 8 वर्षें काढलीं: तिच्याशीं साम्य दिसे तेथें पाहून, तिचीं चित्रें पाहून, आणि स्वप्नांतील क्षणभराच्या भेटींवर. मग गंगा-शरयूंच्या संगमावर त्यानें देह ठेविला. स्वप्नांचा तो उल्लेख मीं वर्गांत कधीं समजावून सांगितला नाहीं. तोंवर तासाची घंटा होत असे.