इस्पितळातील पाच रंग

जर्मनीत डॅन्यूब नदीकाठी इंगोलश्टाट हे शहर आहे. 1472 ते 1800 पर्यंत तेथे विद्यापीठ होते. त्याच्या जुन्या शरीरशास्त्र-भवनात आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. अशा वैद्यकवेड्या देशातही तातडीच्या विभागात ताटकळावे लागते म्हणून रोगी कुरकुरतातच.

तेथील पुष्कळ इस्पितळांत मँचेस्टर पद्धत चालते. आल्याबरोबर परिचारिका विचारपूस करून रंग ठरवते. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी 10 मिनिटांत, पिवळा 30, हिरवा 90, निळा 120. आधी आला तो आधी, हा दुकानातला न्याय तेथे नाही.

आम्हीही एकदा आजींना घेऊन आपल्या बेटावरील एका इस्पितळात तीन तास बसलो होतो. थांबण्याचे एवढे वाटले नाही. पण कोणी एक शब्द बोलले नाही, ते अजून सलते. रोग्यांच्या समाधानाच्या पाहण्यांतही हेच पुन्हा पुन्हा आढळते. किती वेळ लागेल व का, हे सांगितले की माणूस निमूट बसतो.

साध्या दुखण्यासाठी जर्मन लोक 116117 फिरवतात, जिवावरचे असेल तर 112. आपल्याकडे सामूचा क्रमांक 114 आहे. छातीत कळ आली तर शेजाऱ्याच्या मोटारीची वाट पाहू नका.