उपवास : अन्नाचा आणि पडद्याचा

उपवास म्हटले की आपल्याला प्रथम साबुदाण्याची खिचडी आठवते. आपल्या संगमनेरात एकादशी करणारे आहेत, रोजे धरणारे आहेत, पर्युषणात कडक तप करणारे आहेत; आणि संख्येने थोडे असले तरी आम्ही ख्रिस्तीही आहोत. आमच्या उपवासाबद्दल वर्गातील मित्र कुतूहलाने विचारतात. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : “मोबाईल बंद ठेवण्याचा आणि देवाचा काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

आमचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. हे दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस म्हणून उपवासात धरत नाहीत. सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याचे हे स्मरण. या काळात कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा. सोडलेली वस्तू वाईटच असते असे नाही. ती आपली धनीण झाली आहे की काय, हे तपासायचे असते.

या यादीत आता इंटरनेट आले आहे. इटलीतील मोदेना येथील आर्चबिशपांनी २००९ साली आपल्या लोकांना प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मोबाईलवरून संदेश न पाठवण्याचे आवाहन केले. पुढे २६ फेब्रुवारी २०२० रोजी, राखेच्या बुधवारीच, पोप फ्रान्सिस यांनी हा काळ दूरदर्शन बंद करून बायबल उघडण्याचा आणि मोबाईलपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडले जाण्याचा आहे, अशा आशयाचे प्रवचन केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डोळे बिघडतात, झोप जाते, अभ्यास मागे पडतो, ही कारणे खरीच. पण ती डॉक्टर आणि प्राध्यापकही सांगतात. श्रद्धेची कारणे निराळी आहेत. पहिले कारण वेळेचे. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा चक्क वेळेसंबंधी आहे : सहा दिवस काम कर, सातवा दिवस देवाचा. म्हणजे वेळ ही माझी खाजगी मालमत्ता नसून सोपवलेली ठेव आहे. दुसरे कारण स्वातंत्र्याचे. करिंथ येथील मंडळीला पौल लिहितो की, सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी मी कोणत्याही गोष्टीच्या ताब्यात जाणार नाही. तिसरे कारण अवधानाचे. प्रार्थना म्हणजे केवळ शब्द नव्हेत. चित्त एका ठिकाणी स्थिर करणे होय. दर दोन मिनिटांनी ज्याचे चित्त खिशाकडे जाते, त्याचे हात जोडलेले असले तरी मन जोडलेले नसते.

आणि हे चित्त आपोआप जात नाही, ते ओढले जाते. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते. पडदा मात्र संपत नाही. बोटाने वर सरकवावे तसा नवा मजकूर येत राहण्याची युक्ती २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने काढली. पुढे तिचे परिणाम पाहून त्यानेच तिच्यावर टीका केली. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले, तर कबुतर चिकाटीने चोच मारीत राहते. बसस्थानकावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या आपल्या मित्रमंडळींची बोटे पाहावीत. निराळे काय आहे? त्यात २०१६ च्या सप्टेंबरपासून जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि खर्चाचा उरलासुरला लगामही सुटला.

मग इंटरनेट टाकूनच द्यावे काय? मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाने नव्या साधनांचा विटाळ कधी मानला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले आणि तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. २०२० च्या टाळेबंदीत ईस्टरची उपासना अनेक घरांनी पडद्यावरच पाहिली. कार्लो अकुतिस हा इटालियन मुलगा तर संगणकात निष्णात होता. त्याने धार्मिक विषयावर संकेतस्थळ तयार केले, आणि व्हिडिओ खेळांसाठी मात्र आठवड्याला एकच तास ठेवला. २००६ साली पंधराव्या वर्षी तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले. साधन हातात असावे, मानेवर बसू नये, एवढाच याचा अर्थ.

आमच्या घरचा नेम सांगतो. आजीची नजर अधू झाली आहे; तिला बायबल वाचून दाखवणारे कोणीतरी लागते. म्हणून संध्याकाळी साडेसातला घरातील सगळे फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात जातात आणि रात्रीच्या जेवणानंतरच बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात सर्वांची चुळबुळ झाली. आता आजी मध्येच थांबवून जुन्या गोष्टी सांगते. दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, हे मला अशा एका संध्याकाळी प्रथम कळले. चाळीस दिवस संपले तरी डबा तसाच ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे.

येथे दोन धोके सांगितले पाहिजेत. उपास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवू नका, असे येशूने बजावले आहे. तेव्हा “चाळीस दिवस मी येथे नाही” असे स्टेटस ठेवून निघून जाणे हा उपवास नव्हे, जाहिरात होय. दुसरे असे की, नुसते सोडल्याने काही साधत नाही. यशया संदेष्ट्याच्या मते भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे हाच खरा उपास. वाचलेला तास कोणा माणसाच्या वाट्याला आला नाही, तर तो नुसता रिकामा तास.

हा विचार आमच्यापुरताच आहे असेही नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठराव केला : संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही व मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसावे, मोठ्यांनी आपसात बोलावे. तेथे भोंगा मंदिरावरून वाजला, आमच्याकडे चर्चची घंटा वाजते. चातुर्मासात नेम धरणाऱ्यांना तर हे समजावून सांगायलाही नको. मित्रांनो, देव कोणाचा कोणताही असो, त्याच्यापुढे बसायला वेळ लागतो, आणि माणसापुढे बसायलाही तोच वेळ लागतो. तो कोणाला द्यायचा हे यंत्राने ठरवू नये, आपण ठरवावे.