मेळघाटातील जुना लोहमार्ग

परभणी जिल्ह्यातील पूर्णा जंक्शन आपल्याला ठाऊक आहेच. तेथून हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट असे करीत मीटरगेजची गाडी थेट खंडव्यास जात असे. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला; दोन रुळांमधले अंतर एक मीटर होते, ते १.६७६ मीटर झाले. पुढे मेळघाटच्या रानातून जाणारा अकोट ते आमला खुर्द हा तुकडा मात्र २०१७ च्या आरंभी बंद झाला.

परदेशांत खाणी संपल्यावर ओस पडलेल्या लोहमार्गांवरून लोक हौसेने पायी हिंडतात. असे का बरे? बैलगाडी उभा चढ चढून जाते; पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते. शंभर मीटरांत एक मीटर चढ आला, तरी जड गाडीच्या इंजिनाला तो जाणवतो. म्हणून टेकडी खोदून, खळग्यांत भराव घालून रूळ शक्य तितका सपाट नेतात. अशी वाट पायांना सुखाची असते.

मग घाट कसा चढायचा? उत्तर धूळघाटला आहे. तेथे रूळ मोठा वळसा घेतो आणि आपल्याच खालच्या मार्गावरून पुलाने पलीकडे जातो. लोक त्याला ‘चारचा आकडा’ म्हणतात. गुरुजींनी शाळेच्या अंगणात मातीचा ढीग करून त्याभोवती सुतळी फिरवून दाखवावी. वाट लांबली की चढ कमी होतो, हे मुलांना चटकन उमजेल.

पण मंडळी, हा मार्ग पाहायला परस्पर निघू नका. त्यातील जवळजवळ ३९ किलोमीटर व्याघ्रप्रकल्पात येतात. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे शिरता येत नाही, आणि ते जिवावरचेही आहे.

तोच मार्ग रुंद करावा की नाही, ह्यावर पुष्कळ वाद झाला. गाडी गेल्याने गावांची अडचण झाली, हे खरे. रानातून रात्रंदिवस वेगाच्या गाड्या धावल्या तर जनावरे रुळांवर मरतील, हेही खरे. अखेर रेल्वेने रानाबाहेरून जाणारी नवी आखणी पत्करली. अंतर वाढेल, पैसाही अधिक लागेल. पण डोंगर आडवा आला तेव्हा आपण वळसा घेतलाच होता. वाघासाठीही तो घ्यावा.